खुन्यांना भाकरी देणारे संत माइनराड

एका वाचक बाईंनी विचारलं आहे: "जूनमध्ये लेकीकडे झुरिकला जाणार आहे. तिथून आइनझीडेल्नला काळ्या माउलीच्या, म्हणजे काळ्या रंगाच्या मरियेच्या मूर्तीच्या, दर्शनाला जायचं ठरतंय. त्या मठाच्या चिन्हावर दोन कावळे का असतात? आणि ज्या संत माइनराडांमुळे ते ठिकाण उभं राहिलं, ते तर दरोडेखोरांच्या हातून मेले. धर्मासाठी नाही. मग त्यांना हुतात्मा कसं म्हणायचं?"

दुसरा प्रश्न आधी घेतो. गेली वीस-बावीस वर्षं तो मला या ना त्या तोंडून ऐकायला मिळतो. मी मूळचा वसईचा. नोकरीसाठी झुरिकला आलो, सुट्टीच्या दिवशी आपल्या माणसांना आइनझीडेल्न दाखवायला लागलो आणि पुढे तोच अर्धा धंदा होऊन बसला. गटात एक तरी काका असे निघतातच, जे चर्चच्या पायऱ्यांवर थांबून म्हणतात, "चोरांनी मारलं ना? मग शहीद कसले?"

काकांचं चुकत नाही. काटेकोर अर्थाने हुतात्मा तो, ज्याला श्रद्धेच्या द्वेषापोटी मारलं गेलं. माइनराडांच्या खुन्यांना त्यांच्या श्रद्धेशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना पैसा हवा होता. तरीही परंपरेत त्यांना "आतिथ्याचे हुतात्मा" म्हणतात. हा शब्द उगाच चिकटवलेला नाही. त्यामागे संत बेनेडिक्ट यांनी मठवाशांसाठी लिहिलेल्या नियमावलीतली दोन प्रकरणं आहेत, पहिलं आणि त्रेपन्नावं. मला विचाराल तर माइनराडांचं सगळं आयुष्य या दोन प्रकरणांच्या ओढाताणीत गेलं.

त्यांचा जन्म साधारण 797 चा. दक्षिण जर्मनीत नेकार नदीच्या काठी आज रोटेनबुर्ग आहे, त्या भागातला. सम्राट शार्लमेनची सत्ता तेव्हा भरात होती. घराणं बऱ्यापैकी होतं. पुढे होहेनत्सोलर्न घराण्याने त्यांना आपल्या वंशवेलीवर नेऊन बसवलं. पण मोठं झालेल्या माणसाचे नातेवाईक नंतर सापडतातच, त्यातलाच तो प्रकार समजा. मुलाला शिकायला पाठवलं ते रायखेनाऊला. कॉन्स्टन्स सरोवरातल्या या बेटावर 724 मध्ये पिर्मिन यांनी मठ स्थापन केला होता, आणि नवव्या शतकात तो युरोपातल्या उत्तम विद्यापीठांपैकी होता म्हटलं तरी चालेल. मोठं ग्रंथालय, हस्तलिखितं उतरवणारे हात, आणि वालाफ्रिड स्ट्राबोसारखा कवी, जो मठाच्या बागेतल्या झाडपाल्यावर लॅटिन कविता लिहीत होता. मठाधिपती हाट्टो आणि त्यांच्यामागून आलेले एर्लेबाल्ड हे माइनराडांच्या नात्यातलेच. म्हणजे पुढची वाट सरळ होती: धर्मगुरू, मठवासी, शिक्षक, आणि नशिबात असेल तर मठाधिपती.

शिक्षक ते झालेही. झुरिक सरोवराच्या वरच्या टोकाला रायखेनाऊच्या अधिपत्याखाली एक छोटं मठघर होतं, तिथे त्यांना पाठवलं. पलीकडच्या काठावर एट्झेलचा डोंगर आणि त्यामागे दाट रान. साधारण 828 मध्ये वरिष्ठांची परवानगी घेऊन ते त्या डोंगरावर एकटे राहायला गेले.

इथे पहिलं प्रकरण आठवायचं. बेनेडिक्ट यांनी मठवाशांचे चार प्रकार सांगितलेत आणि एकांतवाशाबद्दल स्पष्ट बजावलं आहे: नव्या उत्साहात कोणी रानात पळू नये. आधी मठात, भावांच्या सोबतीत, वर्षानुवर्षं घासून निघावं. सैतानाशी लढायला शिकावं. आणि मग एकट्याच्या झुंजीला बाहेर पडावं. माइनराड या चौकटीत अगदी बरोबर बसतात. ते कशाला कंटाळून पळालेले नव्हते. त्यांनी सोबत नेलेल्या पुस्तकांवरूनही ते कळतं: मिस्साग्रंथ (मिस्सा म्हणजे भाकरी आणि द्राक्षरसाचा मुख्य उपासनाविधी), बेनेडिक्ट यांची नियमावली आणि वाळवंटातल्या जुन्या तपस्व्यांबद्दल लिहिणाऱ्या कासियानचे ग्रंथ. रानात जाताना नियमांचं पुस्तक घेऊन जाणारा माणूस आहे हा.

एकांत मात्र मिळाला नाही. एट्झेलची खिंड वर्दळीची होती, आणि डोंगरावर एक साधुपुरुष राहतो ही बातमी तेव्हाही आजच्याच वेगाने पसरत असणार. लोक सल्ला मागायला आले, पापनिवेदनाला आले, नुसते बघायलाही आले. एका धर्मशील विधवा बाईने त्यांच्या खाण्यापिण्याची सोय पाहिली. सात वर्षं हे सोसून साधारण 835 मध्ये ते आणखी आत, फिन्स्टरवाल्ड म्हणजे "काळोखं रान" नावाच्या जंगलात गेले. समुद्रसपाटीपासून जवळपास नऊशे मीटर उंची, लांबलचक हिवाळा, आसपास वस्ती नाही. हाइलविग नावाच्या मठाधिपती बाईंनी तिथे झोपडी आणि प्रार्थनाघर उभारायला मदत केली, असं चरित्रात येतं. आज तिथे मोठं गाव आहे आणि गावाच्या नावातच ती झोपडी आहे. जर्मनमध्ये "आइनझीडलर" म्हणजे एकटा राहणारा, एकांतवासी. आइनझीडेल्न म्हणजे जणू "एकांतवाशांचं गाव". आज तिथे पार्किंगला जागा मिळत नाही, हे ओघाने आलं.

त्या रानात ते पंचवीस-सव्वीस वर्षं राहिले. लोक तिथेही पोहोचले. या वेळी मात्र ते पुढे सरकले नाहीत, आणि माझ्या मते त्यांच्या गोष्टीतलं खरं वळण हेच आहे. येणाऱ्याला दार उघडायचं, असेल ते पुढे ठेवायचं. नियमावलीचं त्रेपन्नावं प्रकरण सांगतं की दारी आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत साक्षात ख्रिस्ताचं करावं तसं करावं. प्रत्येक पाहुण्याचं. त्यात गाळणी नाही. पहिल्या प्रकरणाने त्यांना रानात नेलं आणि त्रेपन्नाव्याने रानातही त्यांना माणसांशी बांधून ठेवलं.

861 च्या 21 जानेवारीला दोन माणसं दारात आली. चरित्रात त्यांची नावंही आहेत: रिशार्ड हा आलामान्नी या जर्मन जमातीतला, पेटर हा रेशिया या आल्प्समधल्या डोंगराळ मुलखातला. भाविक इतके येतात म्हणजे म्हाताऱ्याकडे दानाचा साठा असणार, हा त्यांचा हिशोब. माइनराडांनी त्या सकाळी मिस्सा केली होती आणि आपला अंत जवळ आला हे त्यांना उमगलं होतं, असं चरित्रकार सांगतो. दोघांना आत घेतलं, भाकरी आणि पेय दिलं, अंगावरचे कपडे काढून दिले. वर म्हणाले, कशाला आलात ते मला ठाऊक आहे. काम उरकलं की माझ्या उशाशी एक आणि पायाशी एक मेणबत्ती लावा. त्यांनी दांडक्याने मारून त्यांचा जीव घेतला. साठा वगैरे काहीच सापडलं नाही. मेणबत्ती पेटवायला गेले तर ती आपोआप पेटलेली दिसली, घाबरून पळ काढला. माइनराडांच्या हातचे तुकडे खाऊन वाढलेले दोन डोमकावळे चोची मारत, ओरडत त्यांच्या मागे लागले ते थेट झुरिकपर्यंत. तिथे लोकांना संशय आला, दोघे पकडले गेले आणि त्यांना देहदंड झाला. झुरिकमध्ये नदीकाठी "त्सुम राबेन", म्हणजे "कावळ्याचं घर", अशा नावाची जुनी इमारत आहे. खुनी तिथेच सापडले असं सांगतात. लेक झुरिकला आहे तर जाता जाता बघून घ्या.

तर मठाच्या चिन्हावरचे ते दोन कावळे हे. आपल्या घरांत कावळ्याची आठवण निघते ती दहाव्याला, पिंड शिवायला. माझ्या गटातल्या एका सोलापूरच्या आजींनी ही गोष्ट ऐकून लगेच निकाल दिला होता: "म्हणजे त्यांची इच्छा राहिली नव्हती, कावळ्यांची राहिली होती." मठातल्या एका वृद्ध फादरांना मी हे जर्मनमध्ये समजावून सांगायला गेलो. पिंड कशाला म्हणतात इथपासून सुरुवात करावी लागली, पण शेवटी ते मनापासून हसले.

आता यातलं खरं किती? माइनराडांचं सर्वांत जुनं चरित्र रायखेनाऊच्याच परंपरेतलं आहे आणि ते खुनानंतर काही दशकांतच लिहिलं गेलं. मध्ययुगीन संतचरित्रांच्या मानाने हे फारच जवळचं आहे. कितीतरी संतांची चरित्रं दोन-तीनशे वर्षांनी लिहिलेली असतात. माणूस, जागा, तारीख, खून, खुन्यांना झालेली शिक्षा या गोष्टींवर मी भरवसा ठेवतो. कावळ्यांबद्दल जरा थांबतो. हे लिहिणारा मठवासी वाचणारा होता. इजिप्तच्या वाळवंटातल्या संत पॉल यांना कावळा रोज भाकरी आणून द्यायचा, हे त्याला माहीत होतं. बेनेडिक्ट यांच्यासाठी आणलेली विषारी भाकरी कावळ्याने उचलून नेली, हेही माहीत होतं. बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याला कावळ्यांनीच जगवलं होतं. आपल्या माणसाला या रांगेत बसवायचं तर कावळे हवेतच. गंमत म्हणजे त्याने गोष्ट उलटी केली आहे: इथे कावळे संताला भरवत नाहीत, संत कावळ्यांना भरवतो. पाहुणचार पाखरांपर्यंत पोहोचलेला आहे. आणि डोमकावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो, एकदा शत्रू ठरवला की पाठ सोडत नाही, हे ज्याने पाहिलंय त्याला ही गोष्ट अगदीच हवेतली वाटत नाही.

पुढे या भक्तीचं काय झालं ते पाहू, कारण "संत" हा दर्जा तेव्हा आजच्यासारखा रोममधून येत नसे. पोपने विधिवत संत घोषित केल्याचं पहिलं निश्चित उदाहरण 993 चं, आउग्सबुर्गच्या उलरिख यांचं. त्याआधी लोक कबरीशी जमत, मरणदिवस पाळत, स्थानिक बिशप ते मान्य करत आणि अवशेष वेदीपाशी आणले जात, झाला संत. माइनराडांचा देह रायखेनाऊला नेऊन पुरला. रानातली झोपडी चाळीसेक वर्षं जवळपास ओस पडली. मग साधारण 906 मध्ये स्ट्रासबुर्गचे बेनो काही सोबत्यांना घेऊन तिथे आले आणि जागा पुन्हा राबती केली. या बेनोंची गोष्ट वेगळी सांगावी इतकी करुण आहे. त्यांना ओढून नेऊन मेट्झचं बिशपपद दिलं गेलं, तिथल्या विरोधकांनी त्यांचे डोळे काढले, आणि ते आंधळे होऊन याच रानात परतले, इथेच वारले. 934 मध्ये स्ट्रासबुर्गचेच एबरहार्ड आले. त्यांनी विखुरलेल्या एकांतवाशांना एकत्र करून बेनेडिक्ट यांच्या नियमाचा रीतसर मठ बांधला. माइनराडांचे अवशेष रायखेनाऊहून परत आले ते 1039 मध्ये. म्हणजे मालक आपल्या घरी पावणेदोनशे वर्षांनी आला.

आणि आला तेव्हा घर दुसऱ्याच्या नावावर होऊ घातलं होतं. आख्यायिका अशी: 948 च्या 14 सप्टेंबरला कॉन्स्टन्सचे बिशप कोनराड तिथलं चॅपल अभिषिक्त करायला आले होते. रात्री त्यांना देवदूतांचं गाणं ऐकू आलं आणि स्वतः ख्रिस्त विधी करताना दिसला. सकाळी ते विधी सुरू करणार तोच आवाज आला: थांब बंधू, हे चॅपल देवानेच पवित्र केलं आहे. यालाच "एंगेलवाइहे" म्हणतात, देवदूतांनी केलेला अभिषेक. याला दुजोरा देणारं पोप लिओ आठवे यांचं 964 चं म्हणून एक आज्ञापत्र दाखवलं जातं. इतिहासकार ते नंतर तयार केलेलं बनावट मानतात, आणि मीही गटाला तसंच सांगतो. भाविकांना त्याने फरक पडत नाही, आणि मठालाही हे लपवायची गरज वाटत नाही. ते चॅपल मुळात तारणहार ख्रिस्ताच्या नावाचं होतं. पुढच्या शतकांत तिथे पवित्र मरियेची भक्ती वाढत गेली आणि यात्रा तिच्या नावाने भरू लागली. 14 सप्टेंबर रविवारी आला की "मोठी एंगेलवाइहे", दोन आठवड्यांची. 1466 मध्ये अशा एका यात्रेत पंधरवड्यात यात्रेकरूंचे 1,30,000 बिल्ले विकले गेल्याची नोंद आहे. त्याच वर्षी "मास्टर ई. एस." या सहीने ओळखल्या जाणाऱ्या कारागिराने आइनझीडेल्नच्या माउलीची छापील चित्रं तीन आकारांत काढली, मोठ्या, मधल्या आणि छोट्या खिशाला परवडतील अशी. ज्याने बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेतली दुकानं पाहिली आहेत, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

काळ्या रंगाबद्दल मी स्वतः कित्येक वर्षं चुकीचं सांगत होतो. झुरिकच्या मठाधिपती हिल्डेगार्ड यांनी माइनराडांना भेट दिलेली मूर्ती ती हीच, आणि ती मुळातच काळी, असं मी बिनदिक्कत ठोकून द्यायचो. हिल्डेगार्ड यांच्या भेटीची गोष्ट आख्यायिका आहे. जुनी मूर्ती कोणतीही असो, 1465 च्या आगीनंतर ती उरली नाही. आज दिसते ती पंधराव्या शतकाच्या मध्याची. आणि ती काळी घडवलेली नव्हती. 1798 मध्ये फ्रेंच सैन्याने चॅपल पाडलं, त्याआधीच मठवाशांनी मूर्ती लपवून बाहेर काढली होती. 1799 मध्ये ऑस्ट्रियातल्या ब्लुडेन्झला योहान आडाम फ्युत्शर नावाच्या कारागिराकडे ती दुरुस्तीला गेली. शतकानुशतकांच्या मेणबत्त्यांच्या आणि दिव्यांच्या काजळीखाली त्वचेचा नेहमीचा रंग आहे, हे त्याने लिहून ठेवलं. त्याने तो उजळ चेहरा बाहेर काढला, पण लोकांना आपली माउली ओळखू येईना. मग पुन्हा काळा रंग दिला. तेव्हापासून ती ठरवून काळी आहे. तिला सणानुसार वेगवेगळी जरीची वस्त्रं नेसवतात. आमच्या गटातल्या बायका आज कोणता रंग आहे ते आधी बघतात आणि मग प्रार्थनेला लागतात. स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेले श्रीलंकेतले तमिळ हिंदूही इथे मोठ्या संख्येने येतात, अनवाणी, हात जोडून. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तेल वाहणारे हिंदू ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यात नवल वाटू नये.

या सगळ्यात माइनराड कुठे आहेत? माउलीच्या पायाशी. चॅपल त्यांच्या झोपडीच्या जागेवर उभं आहे असं परंपरा मानते, आणि त्यांच्या कवटीचा अवशेष तिथल्या वेदीत ठेवलेला आहे. बहुतेक लोक वर बघून निघून जातात. तुम्ही थोडं खालीही बघा.

चर्चमधल्या चित्रांत त्यांना ओळखायची खूण सांगतो, कारण कावळ्यांमुळे गल्लत होते. एकच कावळा आणि चोचीत भाकरी असेल तर बेनेडिक्ट किंवा वाळवंटातले पॉल. घंटा आणि डुक्कर असेल तर संत अंतोनी मठाधिपती. दोन कावळे, हातात भाकरी आणि पेला, शेजारी दांडकं, असं असेल तर ते माइनराड. ज्या हत्याराने मारलं आणि जे अन्न मारणाऱ्यांना दिलं, दोन्ही एकाच चित्रात. तुमच्या "हुतात्मा कसे?" या प्रश्नाला चित्रकारांनी शब्दांशिवाय दिलेलं उत्तर तेच. मारणाऱ्याचा हेतू धार्मिक नव्हता हे खरं, पण मरणाऱ्याने दार का उघडलं याचं कारण पूर्णपणे धार्मिक होतं. रोमच्या व्याख्येत हे बसेल न बसेल, त्यांच्या लोकांनी तराजू मरणाऱ्याच्या बाजूने धरला.

थोडं इतरही. या मठात फार काळ फक्त उच्च सरदार घराण्यांतल्या मुलांनाच प्रवेश होता, त्यामुळे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मठवासी अगदी नावापुरते उरले होते. 1516 ते 1518 या काळात इथे लोकांसाठी प्रवचनं देणारे धर्मगुरू होते हुल्डरिख झ्विंगली, जे पुढे झुरिकला जाऊन यात्रा आणि मूर्ती यांच्या विरोधात उभे राहिले. आज दिसतं ते भव्य बरोक चर्च अठराव्या शतकातलं, 1735 मध्ये अभिषिक्त झालेलं, आणि त्याचा आराखडा याच मठातले ब्रदर कास्पार मोसब्रुगर यांचा. 1854 मध्ये इथल्याच मठवाशांनी अमेरिकेत इंडियाना राज्यात नवा मठ स्थापन केला, त्याचं नाव सेंट माइनराड.

जायचं कसं: झुरिकहून वेडेन्सविलला गाडी बदलून तासाभरात पोहोचाल. दुपारी उशिरा मठवासी रांगेने चॅपलसमोर येऊन "साल्वे रेजिना" हे मरियेचं लॅटिन स्तोत्र गातात, ते चुकवू नका. वेळ त्या दिवशी दाराशी लावलेली असते. गुडघे साथ देत असतील तर लेकीला घेऊन फेफिकोनला उतरा आणि एट्झेलच्या जुन्या यात्रामार्गाने चालत जा. साडेपाचशे मीटरची चढण आहे, जूनमध्येही पावसाचं जाकीट लागतं. खिंडीत माइनराडांचं छोटं चॅपल आहे, त्यांच्या पहिल्या झोपडीच्या जागेवर, आणि त्याला लागूनच एक खानावळ. तिथून खाली उतरून झील नदीवरचा "सैतानाचा पूल" ओलांडला की दोनेक तासांत मठाची दोन शिखरं दिसायला लागतात. गावात शिरल्यावर मधाची मेंढ्याच्या आकाराची बिस्किटं मिळतात, "शाफबॉक" म्हणतात. दात सांभाळून खा, चांगलीच कडक असतात.